मोकळ्या तारेपासून वर : संमिश्र तयारीच्या बालवादकांसाठी संगीत संयोजन

व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास या गजाने वाजवायच्या वाद्यांचा मुलांचा समूह उभा करताना शिक्षकापुढे सर्वांत आधी येणारी अडचण ही, की समूहातील मुलांची तयारी कधीच सारखी नसते. कोणी चार-पाच वर्षे शिकलेला असतो, कोणी गेल्या महिन्यात गज हातात धरलेला असतो, आणि तरी वार्षिक कार्यक्रमात दोघांनी एकाच मंचावर, एकाच रचनेत वाजवावे अशी पालकांची, शाळेची आणि स्वतः मुलांचीही इच्छा असते. बाजारात मिळणाऱ्या रचना बहुधा एका विशिष्ट पातळीसाठी लिहिलेल्या असतात. त्यामुळे अशा समूहासाठी शिक्षकाला स्वतःच संगीत संयोजन करावे लागते, म्हणजे एखादी चाल घेऊन कोणत्या वाद्याने, कोणत्या सप्तकात, कोणत्या लयीत काय वाजवायचे हे प्रत्येक वादकासाठी लिहून काढावे लागते. या कामात जी चूक सर्वाधिक होते ती ही, की तयार मुलांसाठी रचना आधी पूर्ण केली जाते आणि नवशिक्यांसाठी काहीतरी मागाहून जोडले जाते. संयोजनाची दिशा नेमकी उलट हवी : सर्वांत सोपी ओळ आधी लिहावी, तिच्यावाचून रचना अपुरी वाटेल अशी ती घडवावी, आणि मग तिच्यावर बाकीच्या ओळी चढवाव्यात.

या विचाराला मोठ्या संगीतकारांचा आधार आहे. इंग्लंडमधील ग्रामीण भागात हौशी वादकांना शिकवण्यासाठी १९२९ पासून उभ्या राहिलेल्या रूरल म्युझिक स्कूल चळवळीला २१ वर्षे झाली, तेव्हा राल्फ वॉन विल्यम्स यांनी तिच्यासाठी 'कॉन्चेर्टो ग्रोसो' ही तंतुवाद्यांची रचना लिहिली आणि १८ नोव्हेंबर १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे ४०० वादकांनी एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखाली ती वाजवली. कॉन्चेर्टो ग्रोसो हा मुळात सतराव्या-अठराव्या शतकांतला प्रकार असून त्यात निवडक वादकांचा लहान गट आणि उरलेला मोठा गट यांच्यात स्वरांची देवाणघेवाण चालते. वॉन विल्यम्स यांनी या दोन गटांना तिसऱ्याची जोड दिली. पहिला गट कसलेल्या वादकांचा, दुसरा थर्ड पोझिशनपर्यंत (पोझिशन म्हणजे वाद्याच्या मानेवरची हाताची जागा) हात नेऊ शकणाऱ्यांचा आणि तिसरा अगदी कमी अनुभवाच्या वादकांचा. या तिसऱ्या गटात केवळ मोकळ्या तारा वाजवू इच्छिणाऱ्यांचीही सोय केलेली आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १८ जून १९५८ रोजी सफोकमधील ऑर्फर्ड येथील चर्चमध्ये प्रथम सादर झालेल्या 'नोयज फ्लड' या बेंजामिन ब्रिटन यांच्या संगीतिकेत मुलांच्या व्हायोलिनांचे तीन गट असून त्यांच्या ओळींची काठिण्यपातळी पायरीपायरीने उतरत जाते : पहिल्या गटाला पोझिशन बदलावी लागते, दुसरा फर्स्ट पोझिशनबाहेर जात नाही आणि तिसऱ्याचे काम अगदी प्राथमिक आहे. तिसरा गट तिथे नुसता उपचारापुरता बसवलेला नाही, आणि त्यामुळेच ही रचना आजही मुलांकडून उत्साहाने वाजवली जाते.

आपल्याकडेही संयोजनाची परंपरा आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई, आणि त्या शिक्षणातून तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक व संयोजक म्हणून नावारूपाला आले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली सर्वपरिचित नावे. मराठी भावसंगीतातही प्रभाकर जोग आणि अनिल मोहिले यांच्यासारख्या व्हायोलिनवादकांनी संयोजनाचे मोठे काम केले. परंतु ध्वनिमुद्रणासाठी बसलेल्या व्यावसायिक वादकांसाठी लिहिणे आणि दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणे या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि दुसऱ्या विद्येकडे आपल्याकडे फार कमी लक्ष गेले आहे.

लिहिण्यापूर्वीची पाहणी

कागदाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक मुलाला काय येते याची नोंद करावी, आणि ती 'किती वर्षे शिकतो' या मापाने न करता हाताच्या मापाने करावी. कोणकोणत्या तारांवर गज सरळ चालतो, कोणती बोटे बसली आहेत, दुसरे बोट तिसऱ्या बोटाला चिकटून आणि पहिल्याला चिकटून अशा दोन्ही जागी ठेवता येते का, चौथ्या बोटात जोर आहे का, एका गजात दोन स्वर जोडता येतात का, स्वरलिपी वाचता येते की चाल ऐकूनच पाठ होते, या प्रश्नांची उत्तरे हाती असली की समूहाचे तीन किंवा चार गट आपोआप दिसू लागतात. वाद्याचा आकारही नोंदवावा. पाव किंवा अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर खालच्या जी तारेचा आवाज क्षीण आणि पोकळ येतो, तेव्हा त्या तारेवरचे महत्त्वाचे स्वर लहान वाद्यांकडे सोपवू नयेत. लहान मुलांच्या हाती असलेला व्हिओला तर पुष्कळदा व्हायोलिनवरच व्हिओलाच्या तारा चढवून केलेला असतो आणि त्याच्या सी तारेकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

भारतीय गायकी अंगाने शिकणारी मुले समूहात असतील, तर त्यांची वाद्ये षड्ज-पंचमाच्या जोडीने लावलेली असतात, पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्यांची मात्र जी, डी, ए, ई अशी ठरलेल्या उंचीवर लावलेली असतात. दोन्ही प्रकारची वाद्ये एकत्र वाजवायची तर तारा कशा लावायच्या हा निर्णय पहिल्याच तालमीआधी घ्यावा लागतो, कारण बोटांच्या जागा त्यावर अवलंबून असतात आणि नंतर केलेला बदल मुलांचा आत्मविश्वास घालवतो.

स्वरस्थान ठरवणे

रचना कोणत्या पट्टीत लिहायची हा निर्णय बाकी सर्व निर्णयांहून महत्त्वाचा आहे, कारण एकाच पट्टीची अडचण प्रत्येक वाद्यावर वेगळी असते. व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई. व्हिओला आणि चेलो यांच्या सी, जी, डी, ए, त्यांत चेलो व्हिओलापेक्षा एक सप्तक खाली. डबल बासच्या तारा ई, ए, डी, जी असून त्याचा आवाज लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली येतो. डी आणि ए या दोन तारा चारही वाद्यांवर आहेत. डी मेजर, म्हणजे डी हा षड्ज धरून शुद्ध स्वरांचे सप्तक, ही पट्टी नवशिक्यांच्या समूहाला सर्वांत मानवते ती याच कारणाने. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांचे संपूर्ण सप्तक याच दोन तारांवर फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे हात मानेच्या टोकाशी अगदी पहिल्या जागी ठेवून, मिळते.

ए मेजरचा मोह मात्र टाळावा. व्हायोलिनवाल्यांना ती डी मेजरइतकीच सोपी वाटते, कारण बोटांची तीच मांडणी एक तार वर सरकते. पण चेलोच्या डी तारेवर जी शार्प घेण्यासाठी हात नेहमीच्या चौकटीबाहेर ताणावा लागतो, आणि हा ताण शिकायला चेलोच्या विद्यार्थ्याला बराच काळ लागतो. जी मेजरमध्ये वरच्या सप्तकात ए तारेवर सी नॅचरल येतो. त्यासाठी व्हायोलिनच्या दुसऱ्या बोटाला मागे सरकावे लागते, तर चेलोवर तिसऱ्या बोटाऐवजी दुसरे ठेवले की काम होते. ज्या गटाला दुसरे बोट मागे घेणे अजून जमत नाही त्याच्या ओळीतून सी हा स्वरच गाळावा आणि रचना जी मेजरमध्ये ठेवावी, हा मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतो. एकाच रचनेत सर्वांनी सर्व स्वर वाजवलेच पाहिजेत असा नियम कुठेही नाही.

मराठी मुलांच्या ओळखीच्या चालींकडे या दृष्टीने पाहिले तर भूप रागाची मांडणी संयोजकाला मोठी देणगी वाटावी अशी आहे. डी हा षड्ज धरला की सा, रे, ग, प, ध हे स्वर डी, ई, एफ शार्प, ए आणि बी असे पडतात. व्हायोलिन आणि व्हिओला यांवर सा ही मोकळी डी तार, रे पहिले बोट, ग दुसरे बोट, प ही मोकळी ए तार आणि ध पुन्हा पहिले बोट. चेलोवर रे पहिल्या, ग तिसऱ्या आणि ध पहिल्या बोटाने मिळतो. डबल बासवर सा मोकळ्या डी तारेवर, रे आणि ग त्याच तारेवर पहिल्या व चौथ्या बोटाने, प आणि ध जी तारेवर पुन्हा पहिल्या व चौथ्या बोटाने येतात. मध्य षड्ज ते धैवत एवढ्या टापूत राहणारी भूपाची कोणतीही चाल अशा रीतीने चारही वाद्यांवर हात जागचा न हलवता वाजते. शिवाय या पाच स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच नसल्याने दोन ओळी एकमेकींवर आल्या तरी कानाला बोचणारी टक्कर होत नाही. संमिश्र समूहात कोणीतरी एखादी मात्रा मागेपुढे होणारच, आणि तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो.

ओळी रचणे

उदाहरणादाखल आठ मात्रांचा साधा तुकडा घ्यावा : ग ग प ध, प ग रे सा. ही मूळ ओळ मधल्या गटाला द्यावी. त्याहून कच्च्या गटासाठी याच ओळीचा सांगाडा काढावा, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवरचे स्वर तेवढे ठेवावेत : ग, प, प, रे. या मुलांना चाल आपणच वाजवत आहोत असे वाटते, आणि ते खरेही असते, कारण त्यांचा प्रत्येक स्वर मूळ चालीच्या स्वराशी जुळलेला असतो. सर्वांत नव्या मुलांना सा आणि प या मोकळ्या तारांवर लयीचा एक ठसठशीत आकृतिबंध द्यावा. पुनरावृत्तीने चालणाऱ्या अशा लहानशा आकृतिबंधाला ऑस्टिनाटो म्हणतात. तबल्याच्या साथीला वाजणारा लेहरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याचे कार्य वेगळे समजावण्याची गरज नाही. तयार मुलांनी मूळ ओळ एक सप्तक वर घ्यावी. तेव्हा सा ए तारेवर तिसऱ्या बोटाने, रे मोकळ्या ई तारेवर, ग आणि प त्याच तारेवर पहिल्या व तिसऱ्या बोटाने आणि ध चौथ्या बोटाने येतो, म्हणजे पोझिशन न बदलता चौथ्या बोटाचा चांगला सराव होतो. त्यांच्यातही जे पुढे गेले आहेत त्यांना दुपटीच्या लयीतली, गजाचे चपळ काम असलेली वेगळी ओळ लिहून द्यावी.

आवर्तनागणिक या ओळींची मांडणी बदलत न्यावी. एकदा चाल चेलोकडे जावी आणि व्हायोलिनांनी साथ धरावी. एकदा दोन गटांनी तीच चाल एका आवर्तनाच्या अंतराने सुरू करावी, ज्याला कॅनन म्हणतात. एकच चाल शिकून दोन ओळींचा परिणाम मिळत असल्याने कॅनन हा संमिश्र समूहासाठी सर्वांत काटकसरीचा उपाय आहे. चेलो आणि बास यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत केवळ खर्ज धरायला लावण्याची सवय तर निश्चितच सोडावी. ज्या मुलाला वर्षभर एकदाही चाल वाजवायला मिळत नाही ते मूल वाद्य सोडते, आणि चेलो शिकणारी मुले मुळातच थोडी असतात.

आपल्या चालींना पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ, म्हणजे तीन किंवा अधिक स्वरांचे कॉर्ड, लावावेत की नाही, याचा निर्णय चालीच्या स्वभावावरून करावा. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत; ते केवळ कॉर्ड पूर्ण करण्यासाठी घुसडले तर रागाचा रंग जातो आणि नव्या मुलांना जास्तीची बोटेही शिकावी लागतात. षड्ज-पंचमाचा अखंड आधार आणि त्यावर चालीच्याच तुकड्यांची गुंफण एवढ्याने भरदार परिणाम साधतो.

गजाचा विचार

संयोजक बहुधा डाव्या हाताचाच विचार करतो, तर मुले अडतात उजव्या हातापाशी. मोकळ्या तारेवर चार मात्रांचा लांब स्वर हा कागदावर सर्वांत सोपा दिसतो. प्रत्यक्षात तो नवशिक्याला अवघड जातो, कारण लहान मापाच्या वाद्याचा गजही आखूड असतो, तो जपून पुरवण्याची कला अजून आलेली नसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेलाच गज संपतो. त्याच जागी एकेका मात्रेचे चार स्वर लिहिले तर तेच मूल ठामपणे वाजवते. तारा बदलतानाही शेजारच्याच तारेवर जाता येईल असे पाहावे. जी तारेवरून मधली डी तार ओलांडून थेट ए तारेवर जाणे नव्या हाताला कठीण असते.

आणखी एक पथ्य कसोशीने पाळावे : एका वेळी एकाच हातावर नवे काम टाकावे. बोटांची मांडणी नवी असेल तेथे लय आणि गज सरळ ठेवावेत. गजाचे काम गुंतागुंतीचे असेल तेथे डाव्या हाताला मोकळ्या तारा किंवा पाठ असलेले स्वर द्यावेत. 'पिझिकाटो', म्हणजे गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडणे, हा प्रकार मुलांना अतिशय आवडतो आणि रचनेत रंगही भरतो. मात्र छेडण्यावरून पुन्हा गजावर येण्यासाठी नवशिक्यांना निदान दोन मापांची, म्हणजे बारची, विश्रांती लिहून द्यावी. हळू आवाजाची अपेक्षा केवळ खुणेने करू नये. नव्या वादकाने दबकत वाजवले की गज थरथरतो आणि स्वर फुटतो; म्हणून रचनेत जिथे मृदुता हवी तिथे वादकांची संख्याच कमी करावी, आणि उरलेल्यांनी पूर्ण मोकळेपणाने वाजवावे.

मोकळ्या तारेचा सूर वाजवणाऱ्याला बदलता येत नाही, तेव्हा ती तार स्वरमेळात मूळ स्वर किंवा पंचम म्हणून यावी. ती गांधाराच्या जागी आली, उदाहरणार्थ सी मेजरच्या कॉर्डमध्ये मोकळी ई तार, तर पंचमाने पंचम जुळवून लावलेल्या तारांवर तो गांधार किंचित चढा लागतो आणि पूर्ण समूह बेसूर वाटतो. दोष मात्र मुलांच्या माथी येतो.

कागद आणि तालीम

प्रत्येक वादकाच्या हाती जाणारा कागद स्वच्छ आणि मोठ्या अक्षरात हवा. मापांना क्रमांक द्यावेत, रचनेचे टप्पे अ, ब, क अशा ठळक अक्षरांनी दाखवावेत, आणि बोटांचे आकडे जिथे बोट बदलते किंवा चुकण्याची शक्यता आहे तिथेच लिहावेत. प्रत्येक स्वराखाली आकडा असला की मूल स्वर वाचणे थांबवते. जी मुले सरगम वाचतात त्यांच्यासाठी तीच ओळ मात्रांच्या खुणांसह सरगमात लिहून देण्यात कसलाही कमीपणा मानू नये. गजाच्या दिशेच्या खुणा सर्व गटांत सारख्या असाव्यात, कारण शेजारच्याचा गज खाली येताना आपला वर जात आहे हे पाहून मूल गोंधळते.

व्हिओला वाजवणारे मूल समूहात नसणे ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. त्यामुळे ती ओळ तिसऱ्या व्हायोलिनसाठीही वेगळी लिहून ठेवावी. रचनेचा गाभा दोन व्हायोलिन आणि एक चेलो एवढ्यावर उभा राहील अशी व्यवस्था केल्यास परीक्षेमुळे किंवा आजारपणामुळे दोन-चार मुले गैरहजर राहिली तरी कार्यक्रम रद्द करावा लागत नाही. सोप्या ओळीची परीक्षाही तालमीत घ्यावी : ती ओळ थांबवून बाकीच्यांना वाजवू द्यावे आणि काही कमी पडले असे मुलांनाच जाणवते का ते पाहावे. जाणवत नसेल तर ती ओळ पुन्हा लिहावी. ओळींच्या मर्यादा बंदिस्तही ठेवू नयेत. सांगाड्याची ओळ वाजवणाऱ्या मुलाला मूळ चालीचा कागदही घरी द्यावा, म्हणजे दोन महिन्यांत त्याचा हात बसला तर तो स्वतः वरच्या ओळीत जाऊ शकेल. रचना दोन-तीन मिनिटांची पुरते.

शेवटचा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो टाळता येत नाही. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो आणि संयोजन करण्याचा अधिकार त्या हक्कातच येतो. म्हणून चित्रपटगीतांचे किंवा भावगीतांचे संयोजन करण्यापूर्वी हक्कधारकाची परवानगी घेणे आवश्यक आहे. भोंडल्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या, आरत्यांच्या पारंपरिक चाली यांना मात्र असा कोणी एक मालक नाही. त्यांचा स्वरविस्तार लहान आहे, तुकडे पुन्हा पुन्हा येणारे आहेत आणि मुलांच्या कानावर त्या आधीपासून आहेत. व्हायोलिनचा वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांनी यंदा अशी एक चाल घ्यावी, आपल्याच वर्गातल्या मुलांची नावे समोर ठेवून तिच्या तीन ओळी लिहाव्यात, आणि पहिली लिहावी ती गेल्या महिन्यात वर्गात आलेल्या मुलासाठी.